सोळावा चौकोन

माझा भाऊ गुरुप्रसाद लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाशी भांडता येतं, गल्ली गोळा करता येते, चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. गुरू लबाड नाही, शहाणा आहे. पुण्यात संगणकाच्या कंपनीत बसतो, हळू आवाजात बोलतो आणि प्रत्येक मुद्द्याआधी "ताई, शांतपणे ऐक" म्हणतो. त्याच्या या शांतपणाने माझं डोकं दर रविवारी फोनवर तापतं.

आमचे वडील गणपतराव. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कोल्हापूरच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायचे. "राधानगरीकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हे सरकारी वाक्य संपलं की माइक बंद न करताच "अवं पावणं, ती पिशवी उचला की, चाकाखाली जाईल" हे खास आबांचं वाक्य यायचं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जायचं. घरीही ते माइकसमोर असल्यासारखेच बोलत. जेवायला उशीर झाला की "गाडी किती लेट हाय?" नकोसे पाहुणे रेंगाळले की "फलाट मोकळा करा." आणि नाही म्हणायचं असलं की "गाडी रद्द." पन्हाळ्याची सहल, गाडी रद्द. नवी सायकल, गाडी रद्द. बारावीनंतर मला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली, कागद हातात घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तर त्यांनी कागदाकडे न बघताच सांगितलं, गाडी रद्द. पुढे गुरूची वेळ आली तेव्हा त्याची गाडी मात्र अगदी वेळेवर सुटली.

मी कोल्हापुरातच शिकले, शाळेत संगणक शिकवायला लागले, लग्न केलं नाही, आबांच्याच घरात राहिले आणि आबांना कधी माफ केलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणी मला गुणाची लेक समजायचं.

गेल्या गणपतीत आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून "ब ब" एवढंच निघायचं. डावा हात मात्र शाबूत राहिला. डॉक्टर म्हणाले, "यांना किती कळतंय ते आत्ताच सांगता येणार नाही. तुम्हीच लक्ष ठेवा." एवढ्या साध्या वाक्याला आम्ही दोघा भावंडांनी दोन टोकांनी धरलं. गुरूला त्यात ऐकू आलं की आबांना कळत नाही, आणि मला ऐकू आलं की कळतंय.

दसऱ्याला गुरू आला तो त्याचा जुना, बोटाने चालणारा लॅपटॉप घेऊन. त्यावर त्याने लिनक्स टाकलं होतं. चालू केला की खिडक्या नाहीत, फोल्डर नाहीत, सगळा पडदा भरून मोठमोठे रंगीत चौकोन. आडवे चार, उभे चार. एकेका चौकोनावर एकेक पिवळा हसरा चेहरा. बोट टेकवलं की लॅपटॉप बोलणार. आमच्या शाळेच्या लॅबमध्येही लिनक्सच आहे, त्यामुळे मला त्यातलं कळतं. काम चोख होतं. ते चोख आहे याचाही मला राग आला.

"आबा, पाणी हवं असेल तर हे दाबायचं," गुरूने सांगितलं.

आबांनी दाबलं. लॅपटॉपमधून एक गोड बाई म्हणाली, "मला पाणी हवे आहे, कृपया."

आबांनी लॅपटॉपकडे बघितलं, गुरूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. या माणसाने जन्मात कुणाला कृपया म्हटलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा खांदा द्यायला उभ्या राहिलेल्या लोकांनाही ते "उचला की" असंच म्हणाले होते. गुरूने त्यांचं बोट धरून दुसऱ्या चौकोनावर ठेवलं. "धन्यवाद. मी आनंदी आहे," बाई म्हणाली. गुरूने टाळ्या वाजवल्या. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर त्यांनी त्या लॅपटॉपला हात लावला नाही. मी शाळेत असताना आबांजवळ झुंबरबाई असतात. त्या रोज लॅपटॉप त्यांच्यासमोर मांडायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या, "ताई, मालक त्या फरश्यांकडं बघीनात सुदिक. म्या बोट धराय गेलो तर हात झिडकारला."

पुढच्या रविवारी गुरूचा फोन. "ताई, शांतपणे ऐक. बोट कधी आणि कुठे लागतं याची नोंद लॅपटॉप माझ्याकडे पाठवतो. गेल्या आठवड्यात एकदाही लागलेलं नाही. इतकी सोपी चित्रं आहेत. त्यांना कळत नाहीये, हे आपण स्वीकारायला हवं. इथं पुण्यात एक चांगलं केंद्र आहे. चोवीस तास माणसं असतात. मी गाडी घेऊन येतो आणि त्यांना घेऊन जातो."

"आबांना इचारलंस काय?"

"ताई, विचारून त्यांना कळणार आहे का?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. आमचं घर शाहूपुरीत. खिडकी उघडी असली की स्टँडवरचा भोंगा ऐकू येतो. आता गाड्या पुकारणारं माणूस दुसरंच आहे, पण आबा दिवसभर कान देऊन असतात, आणि खिडकी लावायला गेलं की "ब ब" करून घर डोक्यावर घेतात. त्यांना तिथून उचलून कुठल्या तरी पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ठेवलं तर ते जगणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मी दयेने पेटले नव्हते. मला पुण्याला जाऊ न देणाऱ्या माणसाला आता न विचारता पुण्याला धाडणार, आणि तेही माझा धाकटा भाऊ ठरवणार, हे मला सहन होईना. जायचं की नाही हे आबांनी सांगायला हवं होतं. आणि नाही म्हणायची कला आबांइतकी कुणाला येत होती?

आधी मला वाटलं, घोडं बाईच्या आवाजापाशी अडलंय. म्हणून मी आकारामकाकांना गाठलं. ते एस.टी.त ड्रायव्हर होते, आबांचे जुने दोस्त, रोज येऊन पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसतात. आवाज असा की घाटात हॉर्नची गरज पडू नये. मी म्हटलं, "काका, मी मोबाइलवर आवाज भरून घेतो. आबांसारखं पाणी मागा बघू."

काका उठून उभे राहिले. सदरा नीट केला. मोबाइलकडे बघत, शपथविधी असल्यासारखे म्हणाले, "पाणी. आणा. की."

"काका, असं न्हाय. आबा कसं वराडत्यात तसं."

"पाणी आणावे की."

"अवं काका, असं बोलत्यात व्हय आबा?" माझा पारा चढला. "पाणी आण की, कान फुटलं काय!"

पलंगावरून आवाज आला. ब ब ब. आबांचे खांदे हलत होते. मला वाटलं त्यांना ठसका लागला. मी धावले. ते हसत होते. आजारपण आल्यापासून पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने, लाळ गाळत, पण हसत होते.

"मग तूच बोल की," काका खाली बसत म्हणाले. "बापाचंच तोंड हाय तुला."

हे वाक्य मी उभ्या जन्मात ऐकत आले. नातेवाइकांनी ऐकवलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेने जरा सभ्य शब्दांत ऐकवलं, मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत ऐकवलं. आता तेच माझ्या कामाला आलं.

लिनक्समध्ये हे काम अवघड नाही, चिकट आहे. प्रत्येक चौकोनामागे एक चिमुकली फाइल असते. तिच्यात चौकोनाचं नाव, त्यावरचं चित्र आणि बोट टेकल्यावर काय करायचं तो हुकूम. एक अक्षर चुकलं तर चौकोन पडद्यावरून गायब, आणि का गायब झाला ते सांगणारं कुणी नाही. मी पिवळे चेहरे काढून टाकले. पाण्यासाठी आबांच्या तांब्याचा फोटो लावला, चहासाठी त्यांच्या टवका उडालेल्या कपाचा. मग एकेक वाक्य स्वतःच्या आवाजात भरलं. "च्या गार हाय, गरम कर." "पंखा बारीक कर." "कुशीवर घे, पाठ भाजाय लागली." "संडासला न्या, लवकर!" "कोण आलंय?" "गाडी किती लेट हाय?" "फलाट मोकळा करा." "गप बस." "व्हय." "न्हाय." असं एकेक आठवत गेले, आणि सारखं माझ्या लक्षात यायला लागलं की मला आबांचं एकही गोड वाक्य आठवत नाहीये. मग मी आठवायचा नाद सोडला.

"गाडी रद्द" सगळ्यात शेवटी केलं. लाल एस.टी. काढली, तिच्यावर काळी फुली मारली. मोबाइल तोंडाजवळ धरला आणि संताप आला. ज्या दोन शब्दांनी माझं आयुष्य या गल्लीत अडकवलं तेच मी माझ्या घशातून काढून त्यांच्या बोटाखाली ठेवत होते. पण आबांकडून नकार ऐकायचा तर तो आबांच्याच शब्दांत यायला हवा होता. मी ते शब्द असे ओरडले की झुंबरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

पंधरा चौकोन झाले. गुरूचं "धन्यवाद" मी उडवलं होतं, आणि त्या जागी घालायला मला काही सुचलं नाही. खालच्या ओळीत शेवटची जागा रिकामी राहिली.

सकाळी मी डबा भरत होते. आतून आवाज आला, "पाणी आण की, कान फुटलं काय!"

"आगं बया, मालक बोललं!" झुंबरबाईंच्या हातातली परात पडली. मग त्यांना कळलं की आवाज माझा आहे, आणि मी तर त्यांच्यासमोर उभी आहे. दोघी धावत आत गेलो. आबा तांब्याच्या चित्रावर बोट ठेवून आमच्याकडे असे बघत होते की जणू उशीर आम्हीच केला.

मग घरात कुणाला उसंत मिळाली नाही. चहा गार, पंखा बारीक, पाठ भाजली. आकारामकाका तासभर बसले की "फलाट मोकळा करा." काकांना त्याचा इतका आनंद झाला की ते हाकलून घ्यायला म्हणून संध्याकाळी पुन्हा यायला लागले. एकच कटकट होती. आबा मधूनच त्या रिकाम्या जागेवर बोट मारायचे. हे चौकोन मांडणाऱ्या लाँचरची तऱ्हा अशी की रिकाम्या जागेवर बोट लागलं की सगळे चौकोन एकदम मिटतात आणि मागचा पडदा दिसतो. त्या पडद्यावर गुरू, त्याची बायको आणि मुलं कुठल्या तरी परदेशी कारंज्यासमोर दात दाखवत उभी. मी चौकोन परत उघडायची, आबा परत रिकाम्या जागेवर बोट मारायचे.

"मुद्दाम कराय लागलाय व्हय?" मी ओरडायची. "हितं काय बी न्हाय. हितं बोट लावायचं न्हाय."

ते माझ्याकडे टक लावून बघायचे आणि पुन्हा तिथंच मारायचे. मला वाटायचं हात घसरतोय, किंवा मला छळायची त्यांची जुनी हौस फिटली नाहीये.

सोमवारी शाळेतून आले तर पडद्यावर पिवळे चेहरे हसत होते. आबांनी लॅपटॉपवर टॉवेल टाकला होता. मी गुरूला फोन लावला.

"हो, मीच पूर्ववत केलं," तो म्हणाला. "पुण्यातून मला त्या लॅपटॉपमध्ये जाता येतं. ताई, शांतपणे ऐक. तू त्यांच्या तोंडी काय भाषा घातलीस? कान फुटलं काय? केंद्रातल्या लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील?"

"त्येंच्या तोंडी म्या घातली न्हाय. त्येंच्याच तोंडातनं निघालीय ती."

"आणि नोंदीत काय दिसतंय माहितीये? रिकाम्या जागेवर बोट. पुन्हा पुन्हा. समजून दाबणारा माणूस असं करत नाही. तू जे बघतेयस ते निव्वळ योगायोग आहेत."

मी माझे चौकोन परत लावले. दुसऱ्या दिवशी त्याने त्याचे आणले. मी माझे लावले. आबांच्या पलंगावर दोन सरकारं आली. एक दिवस कृपया, एक दिवस कान फुटलं. कृपयाच्या दिवशी लॅपटॉपवर टॉवेल पडायचा आणि आबा तहानलेले राहायचे, पण दाबायचे नाहीत. शेवटी मी बाहेरून आत यायचं दारच बंद करायचा हुकूम लॅपटॉपला दिला, पासवर्ड बदलला, आणि हात घातलाच होता म्हणून ते कारंजंही काढून मागे नुसता काळा पडदा लावला.

"ताई, मला आत जाता येत नाहीये," गुरूचा फोन आला.

"बाहीरच ऱ्हा."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "रविवारी मी गाडी घेऊन येतोय. आता मी कुणाला विचारणार नाही."

रविवारी सकाळी त्याची मोठी पांढरी गाडी गल्लीत शिरली. मागची सीट आडवी करून त्यावर गादी अंथरली होती, उशी नवी होती. त्याने सगळा विचार केला होता. घरात आला, आबांच्या पाया पडला, आणि मला न बघितल्यासारखं करून कपाटातून आबांचे सदरे काढायला लागला.

"ठेव त्ये," मी म्हटलं. "आदी इचार."

"ताई, तू दोन महिने झोपलेली नाहीस. तुझा चेहरा बघ. मी तुलाही यातून सोडवतोय."

"मला सोडवाय तुला बलावलं कुणी? इचार म्हनतो न्हवं."

आबा हे सगळं पलंगावरून बघत होते. लॅपटॉप त्यांच्यासमोर होता. त्यांनी बोट उचललं. "गाडी किती लेट हाय?" माझा आवाज खोलीत घुमला. दसऱ्यानंतर आज उगवलेल्या मुलाला ते बरोबर लागू होतं. मी हसले. गुरू हसला नाही.

"बघ. योगायोग. कुठलं तरी बोट लागतं आणि तू अर्थ लावतेस." त्याने सदरे खाली ठेवले आणि खुर्ची ओढली. "बरं. करूच या तपासणी. जागा पाठ झाल्या असतील, नाही का? मी जागा बदलतो."

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. मला पासवर्ड घालायला लावला. मग फाइली उघडून त्याने सगळा क्रम उलटापालटा केला. वरचे खाली, डावीकडचे उजवीकडे. रिकामी जागा तेवढी शेवटीच राहिली. खरं तर मलाही खात्री नव्हती. इतके दिवस मी वाघिणीसारखी भांडत होते, पण आबा चित्रं ओळखतात की नुसत्या जागा, हे मी कधी तपासून बघितलंच नव्हतं. बघायची भीती वाटली होती.

गुरूने लॅपटॉप आबांच्या समोर ठेवला. वाकून, एकेक शब्द तोडत विचारलं, "आबा, मी तुम्हाला पुण्याला न्यायला आलोय. गाडी आणलीय. जायचं ना?"

आबांचं बोट वर गेलं आणि जिथे आधी लाल गाडी होती तिथे थांबलं. तिथे आता पंखा होता. बोट हवेतच राहिलं. गुरूने माझ्याकडे बघितलं, झालं ना समाधान, अशा नजरेने. बोट पुढे सरकलं. कप. तांब्या. खालची ओळ. आबा डोळे बारीक करून, फलाटावरच्या पाट्या वाचाव्यात तसं एकेक चित्र बघत होते. मग बोट टेकलं.

"गाडी रद्द!"

माझाच आवाज, पण मी कागद हातात धरून उभी होते तेव्हा ऐकला होता तोच. फरक एवढाच की या वेळी तो गुरूवर पडला. स्वतःच्या बाबतीत त्याला हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं. मला आनंद व्हायला नको होता, पण झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर झाला.

गुरू पांढराफटक पडला. "आबा, हे तुम्हाला ताईने शिकवलंय का?"

बोट हिंडलं. "गप बस."

"म्हणजे तुम्हाला इथेच राहायचंय?"

"व्हय."

"मी तुम्हाला टाकायला नेत नव्हतो, आबा. सांभाळायलाच नेत होतो." त्याचे डोळे भरले. आबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा कठोर माणूस विरघळणार. बोट खाली आलं.

"फलाट मोकळा करा."

गुरूने रुमालाने तोंड पुसलं. मी त्याला जवळ घेतलं नाही. "ऱ्हा की हितंच चार दिवस," एवढं मात्र म्हटलं. तो म्हणाला, उद्या मीटिंग आहे. त्याने सदरे घडी करून कपाटात परत ठेवले, अगदी व्यवस्थित. तो दाराशी गेला आणि तेवढ्यात आबांनी त्या रिकाम्या जागेवर बोट मारलं. चौकोन मिटले. काळा पडदा.

गुरू वळला. "आणि हे? एवढं सगळं समजतं, तर मग हे काय आहे? सांग ना."

मी पुढे होऊन चौकोन परत उघडले. गल्लीतून त्याची गाडी मागे मागे गेली, आत ती नवी उशी तशीच होती.

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन आबांसमोर बसले. झुंबरबाई गेल्या होत्या. मी चौकोन उघडले. आबांनी लगेच रिकाम्या जागेवर बोट मारलं. मी परत उघडले आणि या वेळी ओरडले नाही. म्हटलं, "आबा, हितं काय तरी पायजे हाय काय?"

"व्हय."

माझा मलाच राग आला. इतके दिवस मी त्यांना रिकाम्या जागेला हात लावू नका म्हणून दरडावत होते, आणि ते मला ती जागा रिकामी का ठेवलीस म्हणून विचारत होते.

"काय पायजे? भाकरी?"

"न्हाय."

"दाढी करायची?"

"न्हाय."

"खिडकी? आकारामकाका? आईचा फोटू?"

न्हाय, न्हाय, न्हाय. प्रत्येक वेळी माझ्याच आवाजात मला नकार. माझा धीर सुटला. "मग काय पायजे तरी काय? का मला हाक मारायची हाय?"

आबांनी बोट मागे घेतलं. मान फिरवून खिडकीकडे बघायला लागले. आमच्या घरात कुणी व्हय म्हणायला लाजलं की असंच खिडकीकडे बघतं.

मी या घरात ज्याच्या नुसत्या आवाजाने दचकून उठायची, तो माणूस गणपतीपासून मला हाक मारू शकला नव्हता. पाणी मागत होता, चहा मागत होता. मला बोलावायचं मात्र मी त्याच्या हातात दिलंच नव्हतं. सगळ्या वस्तू दिल्या, फक्त मी सोडून.

मी मोबाइल तोंडाजवळ धरला. "संयोगिता," म्हटलं आणि ऐकवलं.

"न्हाय."

"संयोगिता, जरा इकडं ये."

"न्हाय." बोट असं आपटलं की पडदा फुटायचा.

मग मी डोळे मिटले, आणि जिन्याखालून यायची ती हाक आठवली. शाळेत जाताना, अभ्यास करताना, कॉलेजचा कागद फाडून टाकल्यावर दार लावून बसले होते तेव्हासुद्धा आलेली. छाती भरून घेतली.

"संयोगेऽऽ! ए संयोगे! मेलीस काय?"

"व्हय," आबांनी दाबलं.

चित्र म्हणून शाळेच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो लावला. त्यात मी कुणावर तरी खेकसायच्या बेतात दिसते. सोळावा चौकोन भरला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला.

"संयोगेऽऽ! ए संयोगे! मेलीस काय?"

विळी तिथंच टाकली. "आलो की! काय आग लागली काय?" ओरडत, पदराला हात पुसत मी खोलीत गेले. तांब्या भरलेला होता. चहा नको होता. पंखा बंद होता.

"काय पायजे?"

आबा माझ्याकडे बघत होते. बोट माझ्या फोटोवरच होतं.

"समोर उभा हाय की," मी म्हटलं. "दिसंना काय?"

त्यांनी पुन्हा दाबलं.